बियाण्याचे वाल

वाल सोलणारी बाई ओळखायची असेल तर तिचे अंगठे बघा. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं कडेने काळी आहेत. लिंबू चोळून झालं, मीठ चोळून झालं, खालच्या पार्लरवाल्या पोरीने काय काय दिलं तेही लावून झालं. ती काही उजळत नाहीत. चोवीस वर्षं मी डोंबिवलीत बसून वाल सोलते आणि ठाण्याला नौपाड्यात नेऊन विकते, तर नखं गोरी राहतीलच कशी?

काम काय, तर कडवे वाल रात्री भिजवायचे, सकाळी उपसून फडक्यात गच्च बांधायचे, मोड आले की कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सालीतून बाहेर काढायचा. झालं बिरडं. सांगायला इतकंच. करायला बसलं की दुपार जाते, आणि कंबर दुसऱ्या दिवशीपर्यंत बोलत राहते. एमआयडीसीतली कंपनी बंद झाल्यापासून नवराही माझ्यासोबत सोलायला बसतो. टीव्हीवरच्या बातम्या बघत सोलतो, त्यामुळे अर्धी सालं बिरड्यात आणि अर्धं बिरडं सालांत. वर मलाच म्हणतो, "तीस वर्षं मशीन चालवली, आता बायकोने मला मशीन केलंय."

नौपाड्यात माझी घरं ठरलेली आहेत. तिथल्या जुन्या मंडळींना श्रावणात बिरड्याशिवाय सोमवार सुटत नाही, पण सोलत बसायला घरात माणूस नाही. त्यातल्या एक काकू तर दाणा जिभेवर ठेवून सांगायच्या, "हे तुझ्या माहेरचे. हे नाहीत." एकदाही चुकल्या नाहीत. नौपाड्यात माझी जी काय पत होती ती त्या कडवटपणामुळे होती, माझ्या गोड बोलण्यामुळे नव्हे. माझं बोलणं कसं आहे ते तुम्ही बघताच आहात.

तर हे वाल यायचे माझ्या माहेरून. आंबिवलीला उतरून रिक्षाने नदीच्या अंगाला गेलं की आमचं गाव लागतं. गाव म्हणायचं आपलं, आता तीन बाजूंनी टॉवर आहेत. चौथ्या बाजूला दादाचं भाताचं रान आहे. वडील गेले तेव्हा मी हक्कसोडपत्रावर सही करून दिली, एका साडीवर. त्याचं मला काही वाटलं नाही. भावाशी तहसील कचेरीत भांडण्यापेक्षा माहेरी चहा मिळालेला बरा. पण दर वर्षी त्या रानातले वाल माझ्याकडे यायचे, आणि मनातल्या मनात मी तोच माझा हिस्सा धरून चालले होते.

आमच्याकडे वालाला पाणी देत नाहीत. लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही. दिवाळीच्या सुमाराला भात कापलं की जमिनीत जी अंगओल उरते, त्यातच वाल टाकायचा. पुढे थंडी पडते, पहाटे दव पडतं, तेवढ्यावर तो फुलतो आणि शेंगा धरतो. ना मोटर, ना विजेचं बिल. आई म्हणायची, वाल म्हणजे गरिबाघरची पोर, कोणी लक्ष दिलं नाही तरी वाढते.

आता तिला कोणी वाढू देईना. गेली काही वर्षं पाऊस दिवाळीचा फराळ खाऊन जातो. कापलेलं भात पाण्यात पडून राहतं आणि लोंबीलाच मोड येतात. मला वालाला मोड आणायचे पैसे मिळतात, आणि दादाच्या भाताला फुकट मोड येतात. रान वाळेपर्यंत पेरणीची वेळ निघून जाते. उशिरा पेरलं तर फुलायच्या वेळी थंडीचा पत्ता नसतो, जानेवारीतच घामाच्या धारा लागतात. फूल गळतं, उरलेल्यावर मावा बसतो. एकदा तर शेंगा भरल्या आणि मार्चमध्ये दोन दिवस असा पाऊस झाला की शेंगा वेलावरच काळ्या पडल्या. जिथून पोती यायची तिथून पिशव्या यायला लागल्या.

मग काय होणार? जे सगळीकडे झालं तेच. माल कमी म्हणून भाव चढला. भाव चढला म्हणून नौपाड्यातल्या सुना म्हणायला लागल्या, "मावशी, सोनं सोलता का?" दोन घरांनी मॉलमधली गोठवलेली पाकिटं सुरू केली. वहिनी, म्हणजे दादाची बायको, भिवंडीकडच्या एका गोदामात खोके चिकटवायला जाऊ लागली. सकाळी कंपनीची गाडी यायची, संध्याकाळी सोडायची, आणि त्यानंतर ती रानात जायची. एकदा मी म्हटलं, "वहिनी, जरा दम खा." तर म्हणाली, "दम हाय कुठं खायला?"

आणि दादाच्या मागे एक गोदामवाला लागला होता. रानात भराव टाकून शेड बांधायची होती त्याला. शेजारच्या तीन रानांत टाकून झाला होता. दादा धड हो म्हणेना, धड नाही म्हणेना. शेवटी एकदा मी गेलेले असताना जेवताना म्हणाला, "यंदा दिवाळीनंतर वाल पेरला तर नाय देत. रान पडीक राहिलं तर मंग देऊन टाकतो. उगाच पडीक ठेवून काय करायचं?" वहिनी ताट वाढत होती. तिने दादाला आणखी भात वाढला. मीच म्हटलं, "पेरणार म्हणजे काय, पेरणारच!" मला कोणी विचारलं नव्हतं.

मिरगाच्या आधी वहिनी डोंबिवलीला आली. तीन जिने चढून आली, लिफ्ट नाही आमच्याकडे. हातात कापडी पिशवी होती, तोंड सुतळीने शिवलेलं. म्हणाली, "बाय, हे बियाण्याचे. गेल्या साली घरात पाणी शिरलं, अर्धं बी कुजलं. इतकंच उरलंय. तुझ्याकडं तिसऱ्या माळ्यावर कोरडं राहील."

मी पिशवी हातात तोलून बघितली. राखेत घोळवलेले वाल होते, चुलीची राख शिवणीतून बोटांना लागली. मी म्हटलं, "ठेव की. माझ्याकडे काय, लॉकरच आहे." चहा प्यायली नि गेली. जाताना दारात चप्पल घालता घालता एकदा वळून पिशवीकडे बघितलं, तेवढंच.

पिशवी मी पोटमाळ्यावर ठेवली. आणि श्रावण आला.

विकायचे वाल त्या साली इतके कमी होते की आषाढातच संपले. पहिल्या सोमवारी मी बाजारातले घेऊन सोलले. मोठाले, पांढरट दाणे, सोलायला सोपे. काकूंनी एक दाणा तोंडात टाकला आणि डबा माझ्यासमोर सरकवला. रागावल्या नाहीत. "या वयात दुसरं काही मागत नाही गं मी," इतकंच म्हणाल्या. मला इतकी लाज वाटली की परत येताना ठाण्याला फलाटावर वडापाव घेतला तो तसाच पिशवीत घरी आला.

त्याच आठवड्यात शुक्रवारी मी स्टुलावर चढले. नवरा म्हणाला, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "काही नाही, पापडाचा डबा." सुतळी उसवली, दोन ओंजळी वाल काढले, पुन्हा शिवून ठेवली. मनात म्हटलं, इतक्या पिशवीत दोन ओंजळींनी काय होतंय? राख धुतली, भिजत घातले. काकूंनी दाणा चाखला आणि डोळे मिटले. "आले बाई माहेरचे," म्हणाल्या. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या सोमवारी पुन्हा दोन ओंजळी. चौथ्याला शेजारच्या घरातूनही मागणी आली. गौरीच्या जेवणाला तर काकूंची मुलगी परदेशातून येणार होती. दर वेळी स्टुलावर चढताना मी ठरवायची, की ही शेवटची. सुतळी शिवायचंही नंतर सोडून दिलं. कुंपणच शेत खातं म्हणतात ते उगाच नाही. आमच्या शेताला शेवटचं एक कुंपण उरलेलं, ते डोंबिवलीत तिसऱ्या माळ्यावर राहत होतं.

टेंभी नाक्यावर देवीचा मांडव उभा राहायला लागला त्या दिवशी नौपाड्यातून घरी आले आणि पिशवी खाली काढली. तळाशी राख होती. राखेत बोटं फिरवली तर मूठभर दाणे लागले, तेही किडके. मी तिथेच लादीवर बसले. नवरा आला, पिशवी बघितली, माझ्याकडे बघितलं. चिडवायला तोंड उघडलं होतं त्याने, पण मिटलं. मग म्हणाला, "वहिनीला फोन कर."

मी नाही केला. रोज ठरवायची आणि रोज करायची नाही. दसरा गेला. आणि मग तो पाऊस सुरू झाला. जो यायला नको होता, तो. दिवाळीच्या कंदिलांना प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्या लागल्या. बातम्यांत रोज कोणाचं ना कोणाचं भात पाण्यावर तरंगताना दाखवायचे.

आता जे सांगते ते कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा. मला वाटत होतं, पाऊस थांबू नये. रान वाळू नये. पेरणीची वेळ टळून जावी, म्हणजे पिशवी कोणी मागणार नाही. खिडकीत उभी राहून मी आभाळ काळं होताना बघायची आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. तिकडे दादाचं कापलेलं भात चिखलात पडलेलं होतं आणि मी इकडे अजून एक सर मागत होते. सख्खी बहीण. इतकी लाज मला आयुष्यात कशाची वाटलेली नाही.

भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी ऊन पडलं. त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "बाय, रान वाफशावर येतंय. पिशवी घेऊन ये रविवारी."

"आणते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कल्याणचा बाजार पालथा घातला. सगळीकडे ते पांढरे, मोठे. शेवटी एका दुकानात बारीक तांबूस दाणे दिसले. दुकानदार म्हणाला, "कडवेच आहेत मावशी, एकदम ओरिजिनल." कुठले विचारलं तर हात हलवून म्हणाला, "येतात तिकडून." मी घेतले. आता राख. डोंबिवलीत राख कुठून आणायची? चूल कोणाकडे आहे? शेवटी आमच्या बिल्डिंगखालच्या इस्त्रीवाल्याकडे गेले. त्याच्या इस्त्रीत कोळसे असतात. तो म्हणाला, "भांडी घासणार का, आंटी?" मी हो म्हटलं. दोन डबे भरून दिली बिचाऱ्याने. घरी वर्तमानपत्रावर वाल पसरले, वर राख टाकली, आणि दोन्ही हातांनी चोळत बसले. नवरा बाजूला उभा राहून बघत होता. "हात दाखवून अवलक्षण करणार आहेस तू," म्हणाला. मी म्हटलं, "तुम्ही बातम्या बघा." पिशवी भरली, सुतळीने तोंड शिवलं. अगदी वहिनीसारखे टाके घातले, लांब लांब.

रविवारी गेले. वाटेत शेजारची रानं लागली, पत्र्याच्या शेडी, ट्रक उभे. दादा खळ्यात होता. भिजलेलं भात ताडपत्रीवर पसरून फावड्याने वरखाली करत होता. वास येत होता आंबट. माझ्याकडे बघून म्हणाला, "आलीस? वहिनी आत हाय." बैल तर कधीच विकलेले, पण भाड्याचा ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी येणार होता. त्याने सांगून ठेवला होता.

वहिनी मागच्या पडवीत बसलेली. माझ्या हातातून पिशवी घेतली, सुतळी दाताने तोडली आणि हात आत घातला. कोपरापर्यंत. हात तसाच राहिला जरा वेळ. मग मूठभर दाणे बाहेर काढले, एक पदराला पुसला, दाताखाली धरून फोडला. थुंकला. मग बोटं नाकाशी नेली.

"ही राख चुलीची नाय," म्हणाली. "कोळशाची हाय."

चोराच्या मनात चांदणं. मला रडूच फुटलं. सगळं सांगितलं. काकू, श्रावण, दोन ओंजळी, मग चार ओंजळी, गौरी, इस्त्रीवाला. पाऊस थांबू नये असं वाटलं ते मात्र नाही सांगितलं. मी म्हणत होते, "वहिनी, मला मार, शिव्या दे. बी खाल्लं मी तुझं. आईच्या काळापासूनचं बी." ती ऐकत होती. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. आठ तास खोके चिकटवून आलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा.

मी थांबले तेव्हा ती म्हणाली, "बाय, तुला एक विचारू? वाल सोलून पोट भरणाऱ्या बाईच्या घरात कोण बियाणं ठेवतं गो?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही.

"पाणी शिरेल म्हणून ना..." मी म्हटलं.

"माळ्यावर मडक्यात ठेवलं असतं. एवढी वर्सं तिथंच होतं. तिथं कधी पाणी गेलंय?" तिने हातातले दाणे परत पिशवीत सोडले. "दर साली म्हणायचं, यंदा होईल. दर साली वाकायचं. माझं कंबरडं ऱ्हायलं नाय आता. पण बी घरात असलं की पेरावंच लागतं. आपल्या हातानं शिजवून कसं खाऊ? सासूनं दिलेलं. मला नाय झालं ते. मंग मी म्हटलं, बाय करील."

हे खरं होतं, की माझा जीव भांड्यात पडावा म्हणून तिने रचलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. तिला एकदाही विचारलेलं नाही. खरं असेल तर मला तिचा राग यायला हवा, तिने मला हत्यार केलं. खोटं असेल तर मी तिचे पाय धरायला हवेत. दोन्हीतलं काही झालं नाही. आम्ही दोघी दमलो होतो.

"मग आता?" मी विचारलं.

"हे ने परत. बिरडं कर याचं, बाजारचं तर बाजारचं." पिशवीचं तोंड तिने मुरडून माझ्याकडे दिलं. "आन् त्यांना तू सांग. भुंगा लागला म्हण. माझ्या तोंडातून नाय निघायचं."

"वहिनी, हे पेरून तर बघ. उगवेलही."

"बाय," ती म्हणाली, "मला नको गो उगवायला."

मी पिशवी घेऊन पुढे खळ्यात गेले. दादा पाठमोरा होता, फावडं मारत होता. ओलं भात वर यायचं, खाली जायचं. मला वाटायचं, याला गोदामवाल्याचे पैसे हवेत, वहिनीच अडवून धरते आहे. इतकी वर्षं तेच वाटत होतं.

"दादा," मी म्हटलं. "वालाला भुंगा लागला. बी गेलं."

फावडं थांबलं. तो वळला नाही.

"सगळं?"

"सगळं."

"थोडंसुद्धा नाय? एका वाफ्यापुरतं?"

"नाही रे."

त्याने खिशातून मोबाइल काढला. मला वाटलं गोदामवाल्याला लावतोय. त्याने ट्रॅक्टरवाल्याला लावला, उद्या येऊ नको म्हणून सांगितलं, तो का विचारत होता तर "असंच" म्हणाला, आणि फोन ठेवला. मग फावडं बाजूला टाकलं आणि तिथेच खाली बसला, पसरलेल्या भातावर. आमच्यात धान्यावर कोणी बसत नाही. लहान पोर चुकून बसलं तरी उचलून बाजूला करतात. मी काही त्याला ऊठ म्हणाले नाही.